तक्त्यातलं शून्य

इंदूरच्या रामबागेजवळ आमचं छोटंसं मराठी वाचनालय आहे. तिथे मी ग्रंथपाल. शाळेची मुलं येणार होती म्हणून खासदारांच्या संसदेतल्या कामाचा एक तक्ता करून भिंतीवर लावला. सुमित्राताई महाजन १९८९ ते २०१९ सलग आठ वेळा इथून निवडून आल्या, म्हणून अर्धा तक्ता त्यांचाच होता. प्रत्येक लोकसभेपुढे दोन रकाने, प्रश्न आणि चर्चा. सोळाव्या लोकसभेपुढे (२०१४ ते २०१९) दोन्हीकडे मी शून्य लिहिलं होतं.

सकाळी पेपर वाचायला येणारे एक काका तक्त्यापुढे बराच वेळ थांबले.

"हे शून्य कोणी लिहिलं, बेटा?"

"मीच, काका. नाव टाकून शोधलं, काही निघालंच नाही."

"निघेल कसं? त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या ना तेव्हा."

मला हे ठाऊक होतं. जून २०१४ ला ताई अध्यक्ष झाल्या तेव्हा अख्ख्या इंदूरला आनंद झाला होता. तरी रकाना भरताना ते डोक्यात आलं नाही. अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत, चर्चेत बाजू मांडत नाहीत. समसमान मतं पडली, तरच त्यांनी मत द्यायचं.

काकांना शेजारी बसवून संगणकावर त्या काळातल्या एका दिवसाचं कामकाज उघडलं. प्रश्नोत्तराचा तास. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा प्रश्न पुकारला जातो, मंत्री उत्तर देतात, मग पुरवणी प्रश्न. पुढचा कोण, कोणाला थांबवायचं, काय नोंदीत जाणार नाही, पानोपानी एकच आवाज, आणि त्यापुढे छापलेलं: 'माननीय अध्यक्ष'. नाव कुठेच नाही. बाईंचं पाच वर्षांचं बोलणं पदाच्या नावाखाली जमा झालं होतं आणि मी ते शून्यात काढलं होतं. मला फार वाईट वाटलं.

काका म्हणाले, "ताईंनी पंचवीस खासदारांना पाच दिवस निलंबित करून बाहेर ठेवलं होतं, आठवतं?" आठवत होतं, ऑगस्ट २०१५. तो निर्णय कोणाला पटला, कोणाला नाही. पण त्याला शून्य कसं म्हणायचं?

प्रश्न मोजू नयेत असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, तारांकितांत दिवसाला फक्त वीस घेतले जातात, बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. आपल्या गावाचा विषय त्यातून पुढे नेणं हे कष्टाचंच काम आहे. पण मोजायच्या आधी ती व्यक्ती सभागृहात कुठल्या खुर्चीवर बसली होती, हे बघायला हवं.

शून्यावर कागद चिकटवून मी 'अध्यक्षपदी' असं लिहिलं. काका चष्मा पुसत वरची ओळ वाचत होते.

"आणि १९९९ ते २००४? तेव्हा त्या मंत्री होत्या. मंत्री उत्तरं देतात, बेटा."

मी दुसरा कागद कापायला घेतला.