डावं बटण, उजवी वाट: ३० वर्षांनी हरवलेला जेसन

आधी हे सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. लहानपणीच्या एका व्हिडिओ गेममध्ये नकाशाच्या वरच्या अर्ध्यात असाल तर डावं बटण दाबल्यावर नकाशावर तुम्ही उजवीकडे सरकता. एवढंच. हे कळायला मला ३० वर्षं लागली. मधली बरीचशी वर्षं मी तो गेम खेळलोच नाही हे खरं आहे, पण राग ३० वर्षांचाच धरा.

गेम 'फ्रायडे द थर्टीन्थ'. १९८० च्या त्याच नावाच्या भुताळी-खुनी सिनेमावरून काढलेला. एनईएससाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्ब्यासाठी, अमेरिकेत १९८९ साली आला. काढणारी एलजेएन मूळची खेळण्यांची कंपनी, बनवणारी जपानची ॲटलस. ही माहिती आता मिळाली. १९९५ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी एनईएस हा शब्दही कोणाला माहीत नव्हता. व्हिडिओ गेम म्हणजे तो लाल-पांढरा डुप्लिकेट डब्बा, आणि कॅसेट म्हणजे दादाने बर्डीच्या बाजारातून आणलेली. दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा. कॅसेटचं स्टिकर निघून गेलं होतं, त्या जागी त्याने बॉलपेनने 'भूत' लिहिलं होतं. बाहेर ४५ डिग्री, खिडकीत कूलर, आणि आम्ही दोघं रोज दुपारी मरायचो. मेल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीत यायचं की तू आणि तुझे मित्र मेले, गेम ओव्हर. इतका कोरडा निरोप तर तारवाल्यानेही दिला नसता. मग दादा म्हणायचा, "तुले जमत नाही बे, सरक." सरकल्यावर तोही मरायचा.

यंदा मे महिन्यात माळा काढताना ट्रंक खाली आली आणि ट्रंकेत 'भूत'. डब्बा सुरू करण्याची कहाणी लांबवत नाही. ॲडॅप्टर नवा, वायर जुनी, चित्र आलं.

गेम असा. क्रिस्टल लेक नावाच्या तळ्याकाठी शिबिर आहे. ६ काउन्सेलर, म्हणजे मुलांना सांभाळणारी ताई-दादा मंडळी, आणि १५ मुलं. जेसन नावाचा खुनी ह्यांना एकेक करून मारायला निघालाय. ३ दिवसांत त्याला ३ वेळा हरवायचं. आता ह्यात चिडण्यासारखं काय? तर हे. तुम्ही वाटेने चाललाय, जमिनीतून मढी वर येताहेत, तुम्ही दगड मारताय (दगड कमानीत जातो, त्यामुळे अगदी पुढ्यात आलेल्या मढ्याच्या डोक्यावरून तो शांतपणे निघून जातो), आणि तेवढ्यात गजर वाजतो. जेसन कुठल्यातरी केबिनीत शिरला. नकाशात ती केबिन लुकलुकते, आकडे उलटे पळायला लागतात. वेळेत पोचला नाहीत तर तिथला माणूस गेला.

नकाशात मी वर. केबिन माझ्या डावीकडे, दोन बोटांवर. मी डावं बटण दाबून पळतो. पळतो, उडी मारतो, लांडग्याला चुकवतो. परत नकाशा उघडतो तर मी उजवीकडे, केबिन चार बोटांवर. वाटलं, घाईत चुकलो असेन. उलटा वळलो, तोवर आकडे संपले आणि काउन्सेलरांपैकी जॉर्ज गेला. दुसऱ्या दिवशी डेबी. तिसऱ्या दिवशी तळ्यातल्या केबिनींमधली मुलं. ११ संध्याकाळी हे असं चाललं. मधल्या एका संध्याकाळी जेसन केबिनीबाहेर गाठ पडला आणि ऐन वेळी लाइट गेली. तो दोष मी गेमला देत नाही, पण त्या रात्री जेवलो नाही हे खरं.

मुलगी आठवीत आहे. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सारखे उलटेच जाता." मी म्हटलं, "नकाशा उलटा आहे." ती म्हणाली, "खाली होता तेव्हा तर बरोबर जात होता." आणि मोबाईल घेऊन आत गेली. मला तेव्हा ते नुसतं उर्मट वाटलं. आता वाटतं तिला तिथेच बसवायला हवं होतं, आठवडा वाचला असता.

उलगडा झाला तो शुक्रवारी तलावावर. कागदावर नाव गांधीसागर, आमच्या तोंडी शुक्रवारी. सकाळी दूध घेऊन मी एक चक्कर मारतो. जाताना तलाव उजव्या हाताला. पाऊण चक्कर झाली, समोरच्या काठावर आमच्याच गल्लीतले एक काका चालताना दिसले, माझ्यासारखेच, तलाव उजवीकडे धरून. मला ते डावीकडून उजवीकडे जाताना दिसत होते. आणि त्यांना मीही अगदी तसाच दिसत असणार! दुधाची पिशवी हातात धरून मी तिथेच उभा राहिलो.

शिबिराची वाट तळ्याभोवती गोल आहे. पडदा आपल्याला ती सरळ पट्टीसारखी दाखवतो, जणू आपण जिथे असू तिथून तळ्याकडे तोंड करून बघतोय. खालच्या काठावर असताना डावं ते डावं. वरच्या काठावर गेलात की तोंड फिरलेलं, पण नकाशा काही फिरत नाही. म्हणून डावं-उजवं हे शब्दच विसरा. डावं बटण म्हणजे प्रदक्षिणा, उजवं बटण म्हणजे उलटी प्रदक्षिणा. देव उजव्या हाताला ठेवून चालतो तसं तळं उजव्या हाताला ठेवून चालायचं. आपल्याकडे लहान पोरालाही देवळात कुठून वळायचं हे शिकवावं लागत नाही, आणि मी ११ संध्याकाळी त्याच पोरासारखा गाभाऱ्यासमोर भांबावलो होतो. घरी येऊन चिठ्ठी लिहिली, 'डावं = प्रदक्षिणा', आणि टीव्हीच्या कडेला चिकटवली. बायकोने विचारलं, "हे कोणतं व्रत?" मी म्हटलं, शुक्रवारचं.

त्यानंतर गजर वाजला की मी आधी नकाशावर बोट फिरवायचो, मग बटण. त्या रात्री पहिल्यांदा जॉर्ज वाचला. जॉर्ज तसा वाचवण्यासारखा नाही, धावतो हळू, उडी तर विचारूच नका, पण डोळ्यांत पाणी आलं.

हो, माणसांचं सांगायचं राहिलं. मार्क आणि क्रिसी हे दोघं सगळ्यांत चपळ, तळ्यात होडीही तेच भराभर वल्हवतात. त्यांना वाया घालवू नका. माणूस बदलायचा तर छोट्या केबिनीत जावं लागतं, वाटेत उभं राहून होत नाही. आणि नव्या चपट्या टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. बटण दाबल्यापासून हालचाल होईपर्यंत तिथे क्षणभर उशीर होतो, आणि केबिनीत जेसन समोरासमोर येतो तेव्हा त्या क्षणातच ठोसा बसतो. मी शेवटी कबाड्याकडून जुना १४ इंची ट्यूबवाला टीव्ही आणला. बायको अजून बोलते.

गेममध्ये एक गुहाही आहे, तिथे जेसनच्या आईचं नुसतं मुंडकं आहे, केस पिंजारलेलं, हवेत झेपावत येणारं. सिनेमाच्या पहिल्या भागात खून करणारी तीच होती, जेसन नव्हे. तो हॉकीचा मुखवटा त्याला मिळाला १९८२ च्या तिसऱ्या भागात. गेममध्ये मात्र त्याला जांभळे कपडे आणि निळसर मुखवटा. का, देव जाणे. तर ते मुंडकं पहिल्यांदा पुढे आलं तेव्हा माझ्या तोंडून "घेऊन जा गे मारबत" आपोआप निघालं. लहानपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे ते मोठे पुतळे, बघायला गर्दीत उभं केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? तिला हरवून जे शस्त्र मिळतं ते टाळू नका. दगडांवर जेसन मारायला निघालेले लोक माझ्याएवढेच म्हातारे होतील.

कॅसेटीत फुंकर मारू नका, हेही राहिलं. ओलावा जातो आत. खोडरबरने पिना घासा, सुक्या कापडाने पुसा. ३० वर्षं आम्ही फुंकत आलो, ते वेगळं.

तिसऱ्या दिवसाचा जेसन चपळ असतो आणि त्याचा मारही जबर. ४ माणसं गमावली, शेवटी क्रिसीला घेऊन जिंकलो, रात्री १ वाजून ४० मिनिटांनी. शेवटी पडद्यावर येतं की तुम्ही जेसनला हरवलं, पण तो खरंच मेला का? आम्ही नाही सांगणार! एवढं करवून घेऊन वर हे.

पडद्याचा फोटो काढला आणि दादाला पाठवला. तो आता पुण्यात असतो. सकाळी उत्तर आलं.

"कॅसेट माझी हाय बे. परत पाठव."