वाडीला जायचं तर पावसाळ्यात जा

कोल्हापूर जिल्ह्यात दत्ताच्या नरसोबाच्या वाडीला कधी जायचं असं कोणी विचारलं की सगळे सांगतात थंडीत जा, दत्तजयंतीला जा, नाहीतर एखादी पौर्णिमा गाठ. माझं मत एकदम उलटं आहे. आषाढ-श्रावणात जा, पाणी चढत असताना. चिखल असतो, एसटीचा भरवसा नसतो, नदीचा घाट पाण्याखाली दिसतच नाही, सगळं मान्य, पण थंडीतली वाडी म्हणजे दर्शन घ्या, पेढे घ्या आणि गाडीत बसा. पावसाळ्यात कळतं की हे अख्खं गाव नदीच्या वेळापत्रकावर चालतं.

आपल्याकडे देवाला जायचं म्हणजे पायऱ्या चढायची सवय, जेजुरी घ्या, जोतिबा घ्या. वाडीत उलट, दुकानांच्या रांगेतून खाली खाली उतरत जायचं, कारण देऊळ थेट कृष्णेच्या घाटावरच आहे, पंचगंगेचा संगमही तिथंच. शिखर नाही, गाभाऱ्यात मूर्ती नाही, औदुंबराखाली दत्तगुरूंच्या मनोहर पादुका. दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती इथं १२ वर्षं राहिले आणि गाणगापूरला जाताना या पादुका ठेवून गेले अशी श्रद्धा. देऊळ विजापूरच्या आदिलशहानं बांधून दिलं, त्याच्या मुलीची दृष्टी परत आली म्हणून, अशी आख्यायिका गावात कुणीही ऐकवेल, आणि कळस का नाही याचं उत्तरही त्यातच देऊन टाकेल.

आता देऊळ एवढं खाली म्हटल्यावर पाणी आत येणारच. आणि तेच तर पाहायचंय! पाणी एका ठरावीक उंचीला आलं की ते उत्तरेकडच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. या दारातून येणाऱ्या पाण्यात स्नान करायचं, हा दक्षिणद्वार सोहळा. याला तारीख नाही, मुहूर्त नाही, पंचांगात सापडायचं नाही. रात्री दोनला झाला तर रात्री दोनला, मग व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतात आणि सांगली-कोल्हापूरकडचे लोक मिळेल त्या गाडीनं पळत सुटतात. थोडं उशिरा पोचलात आणि पाणी अजून चढलं की दारच बुडतं, संपला विषय. मग पाणी ओसरताना परत तीच पातळी येते तेव्हा उतरता दक्षिणद्वार, म्हणजे चुकलेल्यांना दुसरा चान्स. (मोबाईल वर धरून आंघोळ करणारे हल्ली वाढलेत, त्यांच्यामुळे मागचे ताटकळतात, एवढी एक तक्रार नोंदवून ठेवतो.)

पादुका पाण्याखाली गेल्या की पालखीतली उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि दर्शन तिथं सुरू. खालचे दुकानदारही तसेच, बोभाटा न करता सामान उचलायचं आणि वर जायचं. एका पेढेवाल्या काकांना मी म्हटलं, "काका, इथं तर पाऊस थांबलाय की, मग आवरताय कशाला?" तर म्हणाले, "अवो, हितल्या पावसाचं काय घेऊन बसलाय, राधानगरीचं दार उघडलंय, उद्या बघा." बरोबरच आहे. भोगावतीतून राधानगरी धरणाचं पाणी पंचगंगेला येतं, कृष्णेला कोयना धरणाचं येतं, आणि कृष्णा तट्ट भरलेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागाच नाही, फुगवटा मागं मागं जातो. म्हणून इथली माणसं आभाळाकडं कमी आणि कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडं जास्त बघतात, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. चहाच्या टपरीवर कोयनेचा विसर्ग आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची यावर जी चर्चा ऐकायला मिळते ती टीव्हीवर नाही मिळायची.

आणि हे सगळं भक्तीचंच असतं असं पण नाही हां. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत हेच पाणी घराघरात गेलं, शिरोळ तालुक्यात जनावरांसकट माणसं बाहेर काढावी लागली, ऊस कुजला. पाण्याला हात जोडणारा आणि त्याच पाण्यामुळं माळ्यावर धान्य चढवणारा माणूस एकच, आणि त्याला यात काही विचित्र वाटत नाही, बाहेरून गेलेल्या आपल्यालाच वाटतं.

जाणार असाल तर निघायच्या आधी गावात कोणाला तरी फोन करा, शिरोळ आणि कुरुंदवाडकडचे रस्ते बघता बघता बंद होतात. लहान पोरांना पाण्यात नेऊ नका, धार दिसते त्यापेक्षा जोरात असते. कपड्यांचा एक जादा जोड घ्या, आणि येताना बासुंदी सगळेच घेतात, तुम्ही कवठाची बर्फी घ्या. कृष्णाकाठची वांगी मात्र त्या दिवसांत धड मिळत नाहीत, त्यासाठी थंडीत परत जावं लागेल.