आज तिसऱ्या दिवशीही पट्टी पिवळीच

सकाळी सहाला लेकीची लघवी तपासली. लघवीत बुडवायची पट्टी पिवळीच राहिली, म्हणजे प्रथिनं नाहीत. सलग तिसरा दिवस! डॉक्टर म्हणाले होते, तीन दिवस लागोपाठ प्रथिनं दिसली नाहीत की रेमिशन, म्हणजे आजार आटोक्यात. बाथरूमच्या दारातच खाली बसून रडले.

महिन्याभरापूर्वी सकाळी उठली की तिचे डोळे सुजलेले असायचे. आम्हाला वाटलं, ॲलर्जी. मग पाय सुजले, पोट फुगलं, चड्डीचं इलॅस्टिक रुतायला लागलं. नेफ्रोटिक सिंड्रोम. किडनीच्या गाळणीतून प्रथिनं लघवीवाटे निघून जातात आणि पाणी अंगात साठतं. चार वर्षांची आहे हो ती.

तेव्हापासून रोज तेच. वजन, पट्टी, वहीत नोंद. हिरवी, गडद हिरवी, पुन्हा गडद हिरवी. स्टेरॉइडने सारखी भूक, चिडचिड, गाल तर ओळखू येईनात. जेवणात मीठ नावापुरतं. सासूबाईंनी स्वतःच्या ताटातलंही मीठ बंद केलं. "पोरीनं एकटीनं का अळणी खायचं?" लोणच्याची बरणी माळ्यावर गेली ती अजून तिथेच आहे.

सहा आठवडे रोज गोळ्या, पुढचे सहा आठवडे दिवसाआड. आजार बऱ्याच मुलांत उलटतो, साध्या सर्दीतापाचं निमित्त पुरतं. त्यामुळे पट्टी उद्याही बुडवायचीच.

उठल्या उठल्या तिनं विचारलं, "आई, आज कुठला रंग?"

पिवळा, बाळा.

वहीत आजच्या तारखेपुढे तिनं खडूनं सूर्य काढलाय.