तुम्ही विचारलंत म्हणून : रूम पार्टनरशी पटेना, करार मात्र तिघींच्या नावाचा

"ताई, पार्टनरशी एक दिवस धड जात नाही. खोली सोडून देऊ का?" तालुक्याच्या गावी पहिल्यांदा नोकरीला आलेल्या मुली मला हे नेहमी विचारतात. मी सांगते, रागाच्या भरात बॅग भरू नका. मी भरली होती.

आर्वीत आम्ही तिघी दोन खोल्यांत राहायचो. अकरा महिन्यांचा करार, तिघींच्या सह्या, भाडं ४,५०० रुपये. मे लागला आणि कूलरवरून पेटलं. अकोटवाली रात्रपाळी करून यायची आणि दिवसभर कूलर लावून झोपायची. रात्री तोच कूलर आम्हा दोघींना. ८५ युनिटांच्या आसपासचं बिल २०० युनिटांच्या वर गेलं. १०० युनिटांपुढे दरही चढतो, त्यामुळे पैसे दुपटीहून जास्त आले. मी म्हटलं, दिवसाचं तू भर. ती म्हणाली, "काहून वं, रात्री का कूलर हवेवर चालते?"

दुसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन निघाले. वाटेत तहसीलसमोर आमच्या गावचे एक अर्जनवीस काका बसायचे. त्यांनी बॅग पाहिली आणि करार मागितला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे वाचलं होतं का बाई?" तिथे लिहिलं होतं, भाड्यासाठी तिघी 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार'. म्हणजे घरमालक कोणा एकीकडूनही पूर्ण भाडं मागू शकतो. जिने भरलं तिने मग बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागायचा. करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर १८७२ च्या करार कायद्याचं ४३ वं कलमही हेच सांगतं.

मी गेले असते तर माझं नाव करारातून सुटलं नसतंच, आणि माझा वाटा आमच्यातल्या तिसरीवर, गोंदियाच्या मुलीवर पडला असता. ती भांडणात कुठेच नव्हती. अर्धा पगार घरी पाठवायची ती. मला भर उन्हात रडू आलं. मी परत फिरले.

त्या आठवड्यात मला सुट्टी होती. एरवी मी पहाटेच्या पहिल्या बसने निघायचे, त्यामुळे पाहिलंच नव्हतं. नळ एक दिवसाआड यायचा. अकोटवाली ड्युटीवरून आली की चपलाही न काढता ड्रम भरायची आणि मग कूलरमध्ये आठ बादल्या ओतायची. रात्री आम्हाला गार हवा मिळायची ती त्याच पाण्यावर. महिनाभर तिने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. मी फक्त युनिटं मोजत बसले होते. त्या सकाळी दुसरी बादली मी उचलली. बिल तिघींत सारखं वाटायचं ठरलं, पाणी भरायच्या पाळ्या लागल्या आणि दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

सगळीकडे असं जुळेलच असं नाही. मारहाण, चोरी, धमकी असेल तर बादल्या मोजत बसू नका. थेट ११२ ला फोन करा आणि आधी सुरक्षित जागी जा. करार मागाहून पाहता येतो.

नुसतं पटत नसेल, तर रीतसर बाहेर पडता येतं. जूनमध्ये गोंदियाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिने करारातल्याप्रमाणे महिनाभर आधी लेखी नोटीस दिली. जागेवर येणारी मुलगी तिनेच शोधली. घरमालकाकडून नव्या नावाचा करार करून घेतला. तिच्या वाट्याचं डिपॉझिट नव्या मुलीने तिला दिलं आणि तसं कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. आपसात बोलून निघून गेली असती, तर भाड्यासाठी कागदावर नव्या मुलीऐवजी तीच राहिली असती. आणि करार नोंदणीकृत आहे का तेही बघा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर करार काढा. नोटीस किती दिवसांची लिहिली आहे आणि ठरावीक महिने सोडता येणार नाही अशी अट आहे का, एवढं वाचून मला कळवा. मग पुढचं बोलू.