चित्रं कुणाची?

लहानपणी चित्रांच्या पुस्तकावरचं लेखकाचं नाव कोण वाचतं? मी तरी कधी वाचलं नाही. तेव्हा ते सुरवंटवालं, ते वाघवालं, ते राक्षसवालं एवढीच ओळख पुरते, आणि हे कुणीतरी बसून लिहिलंय, रंगवलंय असं डोक्यातसुद्धा येत नाही. नावं कळतात खूप नंतर, आणि बऱ्याचदा तो माणूस गेल्याची बातमी येते तेव्हा.

ते सुरवंटवालं पुस्तक, म्हणजे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, करणारे एरिक कार्ल २०२१ मध्ये गेले तेव्हा मी त्यांच्याबद्दल शोधून शोधून वाचलं. तो खादाड सुरवंट मुळात सुरवंट नव्हताच! कार्ल कागदांच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोकं पाडत होते, ती बघून त्यांना पुस्तक कुरतडणारा किडा आठवला आणि विली नावाच्या किड्याची गोष्ट तयार झाली. संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांना काही तो किडा पटेना, त्यांनी सुरवंट सुचवला आणि कार्लना लगेच फुलपाखरू दिसलं. किडाच राहिला असता तर शेवटी पान उलटून बघायचं काय, तोच किडा पण जाडा झालेला? १९६९ मध्ये पुस्तक आलं, पण भोकांची आणि लहानमोठी पानं छापणं अमेरिकेत परवडेना म्हणून पहिली छपाई जपानमध्ये झाली. टिश्यू पेपर ते आधी स्वतः रंगवायचे आणि मग कापून चिकटवायचे, म्हणून तर त्या हिरव्या अंगावर ब्रशचे फराटे अजून दिसतात.

पण माझं लाडकं पुस्तक विचाराल तर पॅट हचिन्सचं ‘रोझीज वॉक’, १९६८ मधलं. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारून येते, बस, एवढंच लिहिलंय. चित्रात मात्र तिच्या मागे कोल्हा लागलेला, तो आपटतोय, धडपडतोय, आणि अख्ख्या पुस्तकात कोल्हा हा शब्द एकदाही नाही. मोठा माणूस आपला शब्द वाचत बसतो, मांडीवरचं मूल कोल्हा बघून किंचाळत असतं, म्हणजे गोष्ट नक्की कोण कुणाला सांगतंय? मला वाटतं लिहिणारा आणि काढणारा हात एकच असला की हे जास्त जमतं, चित्रात आलंय ना, मग शब्दात कशाला, असं स्वतःलाच म्हणता येतं. मराठीत माधुरी पुरंदरे दोन्ही करतात, त्यांची चित्रं नुसती बघत बसलं तरी घरातल्या माणसांचे स्वभाव कळतात.

मॉरिस सेंडॅकनी १९६३ मध्ये त्या राक्षसवाल्या पुस्तकात, ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये, तर कमालच केली. त्यातल्या मॅक्स नावाच्या मुलाचा दंगा वाढतो तसतसं चित्र मोठं होत पान व्यापत जातं, आणि राक्षसांचा धुडगूस सुरू झाला की सलग तीन जोडपानं एकही शब्द नाही. वाचून दाखवणाऱ्याने तिथे काय करायचं? ओरडायचं, दुसरं काय. याच सेंडॅकना एका मुलाने पत्र पाठवलं होतं, त्यांनी उत्तरात राक्षसाचं चित्र काढून पाठवलं, तर त्याच्या आईने कळवलं की मुलाला ते इतकं आवडलं की त्याने खाऊनच टाकलं. ओरिजिनल सेंडॅक! ते स्वतः हा किस्सा मोठ्या कौतुकाने सांगायचे.

आम्ही मोठी माणसं मात्र अर्थ शोधत बसतो. ज्युडिथ कर नऊ वर्षांच्या असताना, १९३३ मध्ये, नाझींमुळे त्यांच्या घरच्यांना जर्मनी सोडावी लागली. पुढे १९६८ मध्ये त्यांनी चहाला आलेल्या वाघाचं पुस्तक केलं तर काहींना त्या वाघात गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, दिसले, दारावरची टकटक वगैरे. ज्युडिथबाईंचं म्हणणं, वाघ म्हणजे वाघच, मुलीला सांगायची गोष्ट होती ती. मुलांचं तर काही वेगळंच, वाघ नळातलं सगळं पाणी पिऊन गेला आणि गोष्टीतल्या सोफीची आंघोळ बुडली याचाच त्यांना आनंद.