डॅशहाउंड, टेरी टॉवेल आणि मुरूम: सोलापुरातील शी-शूच्या शिस्तीच्या नोंदी

लहान जातीच्या कुत्र्याला घरात शी-शूची शिस्त लावताना आपण सारा भर जागेवर आणि वेळेवर देतो. शेंगीच्या, म्हणजे आमच्या मिनिएचर डॅशहाउंड मादीच्या, आजवरच्या नोंदी चाळताना मला मात्र पुन:पुन्हा एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे तिच्या लेखी जागेपेक्षा पायाखाली काय लागते याला जास्त किंमत आहे. सोलापूरच्या घरात हा मुद्दा फारच नडतो, कारण इथे अंथरायला, पांघरायला, दाराशी आणि मोरीशी पाय पुसायला सगळीकडे आपले कापडच असते. आमचे घर साखर पेठेतले जुने, तळमजल्यावरचे, मागे लहानसे उघडे अंगण असलेले आहे. नात्यागोत्यात यंत्रमाग असल्यामुळे घरात चादरी आणि टेरी टॉवेल यांना तोटा नाही. या नोंदी प्रामुख्याने त्या कापडाशी झालेल्या झटापटीच्या आहेत.

ऑक्टोबर ते डिसेंबर

शेंगी दसऱ्याच्या सुमारास घरी आली तेव्हा ती जेमतेम नऊ आठवड्यांची होती. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, असे श्वानपैदास आणि विक्रीसंबंधीचे २०१७ चे नियम सांगतात आणि ते योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम आपण लक्षात घेत नाही. पिल्लू डोळे उघडून चालू लागले की झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन शी-शू करू लागते आणि साधारण आठ-नऊ आठवड्यांपर्यंत त्याची पायाखालच्या पृष्ठभागाची आवड पक्की होत जाते. याचा अर्थ असा की ते आपल्या घरी येते ते कोरे येत नाही. शेंगीच्या जन्मघरी पिल्लांच्या खोक्याबाहेर जुने टॉवेल अंथरलेले असत, त्यामुळे आम्ही मोठ्या उत्साहाने पसरलेली वर्तमानपत्रे ओलांडून ती सरळ न्हाणीघराच्या दारातील पायपुसण्यावर जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी माजघरात अंथरलेल्या चादरीवर. तिच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते; मऊ, तंतुमय आणि ओल शोषून घेणारे ते सगळे शू करण्याजोगे, एवढाच तिचा हिशेब होता.

इथे लहान जातीची दुसरी अडचण सुरू होते. या पिल्लांचे मूत्राशय लहान असते, खाल्लेले भरभर पचते आणि त्यामुळे मोठ्या जातीच्या त्याच वयाच्या पिल्लापेक्षा त्यांना जास्त वेळा बाहेर न्यावे लागते. वयाचे महिने अधिक एक, इतके तास पिल्लू दिवसा कळ धरू शकते, असा जो ढोबळ आडाखा सांगतात, तो मी वरची मर्यादा म्हणून धरते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर बाहेर नेते. झोपेतून उठल्यावर, खेळ थांबल्यावर आणि जेवणानंतर पाव ते अर्ध्या तासात नेणे तर ठरलेलेच. पण खरी गोम अशी की लहान पिल्लाचे थारोळे इतके इवलेसे असते की घरातील माणसांना त्याचे काही वाटतच नाही. सासूबाई म्हणायच्या, "अगं, चमचाभर तर आहे, एवढं काय मनावर घेतेस!" आणि कामाच्या मावशी त्यावर फिनेलचे फडके फिरवून मोकळ्या व्हायच्या. ग्रेट डेनने माजघरात शू केली असती, तर सगळे घर कामाला लागले असते. लहान जाती शिकायला अवघड म्हणून बदनाम आहेत, त्यात त्यांच्या हट्टीपणाचा वाटा किती आणि आपल्या कानाडोळ्याचा किती, हे एकदा प्रत्येकाने तपासावे.

हा कानाडोळा दिसावा म्हणून मी दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च आणला. रात्री दिवे मालवून तो जमिनीलगत धरला की वाळलेली शू फिकट हिरवट-पिवळी चमकते. पलंगाखाली भिंतीच्या कडेने, कपाटाच्या पायाशी, शिलाई मशीनच्या पायट्यामागे, जिथे आमच्यापैकी कोणी कधी काही पाहिले नव्हते, तिथे रुपयाएवढे ठिपके ओळीने उमटलेले दिसले. एक सावधगिरी मात्र सांगते: धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून जे द्रव्य घातलेले असते, तेही या प्रकाशात चमकते, पण निळसर-पांढरे. आमच्या घरात धुतलेल्या टॉवेलांच्या चळती असल्याने पहिल्या रात्री अर्धी खोली उजळली आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला. रंगातला हा फरक एकदा नजरेत बसला की घोटाळा होत नाही.

डाग सापडले तरी ते काढायचे कसे, हा प्रश्न इथे वेगळाच आहे. जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. शहाबाद इथून फार लांब नाही, आणि हा दगड चुनखडीचा आहे. वासावर उपाय म्हणून सर्रास सुचवला जाणारा व्हिनेगर त्यावर ओतला तर आम्लाने दगड खाल्ला जातो, त्याची झिलई जाते आणि खरखरीत झालेला पृष्ठभाग पुढची शू अधिक धरून ठेवतो. लिंबाचेही तेच. फिनेलने आपल्या नाकाला वास झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला नाही. शिवाय काळे फिनेल कुत्र्यासाठी विषारी असते आणि जिचे पोट जमिनीपासून चार बोटे वर असते व जी अंग चाटून साफ करते, तिच्या घरात ते वापरूच नये. अमोनिया असलेले काचा पुसण्याचे द्रावण तर उलटे काम करते, कारण शूमधील युरिया कुजून अमोनियाच तयार होतो आणि पिल्लाला ती जागा आणखी ओळखीची वाटते. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे बादल्या ओतून धुणेही परवडत नाही. आता आमची पद्धत अशी आहे: ओले असतानाच जुन्या टेरी टॉवेलचा तुकडा दाबून सगळे टिपून घ्यायचे, घासायचे नाही; मग खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून, विशेषतः फरशीच्या सांध्यांत, विकरयुक्त, म्हणजे एन्झाइमचा, क्लीनर घालायचा आणि बाटलीवर दिलेल्या वेळेपर्यंत त्यावर ओले फडके झाकून ठेवायचे. विकर ओले असतील तोवरच काम करतात आणि आपल्या हवेत फरशी बघता बघता वाळते, म्हणून ते फडके महत्त्वाचे आहे. आधी किंवा नंतर फिनेल लावले तर मात्र क्लीनरचे पैसे वाया गेले असे समजावे.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गल्लीत सोडणे शक्य नव्हते. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि साधारण चार महिन्यांच्या वयापर्यंत लसीचे डोस सुरूच असतात. त्यामुळे शिक्षण मागच्या अंगणातच करायचे होते. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून मी उथळ कडांचा एक ट्रे करून घेतला, तो शेंगीच्या लांबीच्या दुपटीहून थोडा जास्त लांब. हे माप मुद्दाम सांगते आहे, कारण बाजारातील 'लहान कुत्र्यांसाठी' म्हणून मिळणारे ट्रे उंची पाहून केलेले असतात आणि डॅशहाउंडची लांबी त्यांच्या हिशेबात नसते. उसन्या आणलेल्या तशा ट्रेमध्ये शेंगी पुढचे दोन पाय ठेवून, आपण आत पोहोचलो अशा पूर्ण समाधानाने बसायची आणि सगळी धार मागे फरशीवर सोडायची. शी करण्यापूर्वी तिला दोन-तीन गिरक्या घ्याव्या लागतात, त्यालाही जागा हवी.

ट्रेमध्ये काय भरावे, यावर घरात मतभेद झाले. सासऱ्यांनी शेतातली काळी माती आणली. ती कोरडी असताना उत्तम, पण ओली झाली की शेंगीच्या बोटांच्या बेचक्यांत गच्च चिकटायची आणि ती माती पुसायला ती, अर्थातच, चादरीकडे धावायची. नंतर बारीक मुरूम चाळून, टोकदार खडे वेचून टाकून तो भरला, आणि तो आजतागायत टिकला आहे. त्यातून पाणी झिरपते, वास कमी येतो आणि पायाला तो कापडासारखा मुळीच लागत नाही.

पण टॉवेलवरून मुरुमावर पिल्लू उडी मारून जात नाही. सुरुवातीला मुरुमावर तिचाच शू टिपलेला टॉवेल अंथरला. तिथे ती निःशंक बसू लागल्यावर टॉवेलवर चिमूट-चिमूट मुरूम भुरभुरवला, मग दर काही दिवसांनी टॉवेल चारही बाजूंनी कातरत नेला. शेवटी तळहाताएवढा तुकडा उरला तेव्हा शेंगी ट्रेमध्ये चढून नाकाने तो शोधायची, तो नेमका पोटाखाली येईल असे अंग सरकवायची आणि मगच बसायची. तो तुकडा मुरुमाखाली पुरला, वास राहिला आणि कापड गेले. त्याच काळात घरातील पायपुसणी, सतरंज्या आणि खाली लोंबणाऱ्या चादरी उचलून वर ठेवल्या; सगळे घर आठवणीने चादरीची टोके गादीखाली खोचू लागले. शिकत्या पिल्लासमोर कापड अंथरून ठेवायचे आणि मग ते चुकले म्हणून ओरडायचे, हा अन्यायच आहे. ओरडण्याने किंवा नाक घासण्याने पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शू करणे धोक्याचे असते, आणि मग ते पलंगाखाली जाते.

बक्षीस कडक भाकरीच्या कणीएवढ्या तुकड्याचे. ते धार पूर्ण संपल्यावर, पण एक-दोन सेकंदांच्या आत मिळाले पाहिजे, म्हणून डबा ट्रेशेजारच्या कोनाड्यातच ठेवला आहे. धार चालू असताना "शाब्बास" म्हटले की शेंगी अर्ध्यावर उठून भाकरीकडे येते आणि उरलेली घरात सांडते. भाकरी चटणीच्या हाताने मोडू नये, हेही लिहून ठेवते. शेंगदाण्याचे सोडा, पण चटणीतील लसूण कुत्र्यांना घातक असतो.

जानेवारी

महिन्याच्या सुरुवातीला घर जवळजवळ कोरडे होते. मग गड्ड्याची, म्हणजे इथल्या सिद्धेश्वरांची, यात्रा आली. शोभेच्या दारूकामाच्या रात्री शेंगी अंगणात पाऊल टाकायला तयार होईना, आणि नंतरचे काही दिवस संध्याकाळ झाली की ती दारातच थिजायची. भीतीने बाहेर न जाणारे कुत्रे घरात शू करते, याला शिस्त मोडली असे म्हणत नाहीत. ट्रेच उचलून आतल्या खोलीत आणला, कारण तिची सवय मुरुमाशी जोडलेली होती, अंगणाशी नव्हे. पृष्ठभागावर आधी मेहनत घेतल्याचा फायदा तेव्हा रोकडा पदरात पडला. नंतर ट्रे रोज थोडा-थोडा दाराकडे सरकवत पुन्हा अंगणात गेला.

याच महिन्यात दाराला, तिच्या नाकाच्या उंचीवर, एक घुंगरू बांधले. बाहेर जायचे असेल तेव्हा ते वाजवायचे हे तिला झटकन कळले, आणि अंगणातील खारीला हुसकावण्यासाठीही तेच वाजवायचे, हे त्याहून झटकन. डॅशहाउंड हा मुळात जर्मनीत बिळातील जनावरामागे सोडण्यासाठी तयार केलेला कुत्रा आहे, तेव्हा खार दिसल्यावर तो शिस्त आठवेल अशी अपेक्षा करू नये. आता घुंगरू वाजले की पट्टा लावून फक्त ट्रेपर्यंत नेते आणि काही झाले नाही तर मुकाट्याने परत आणते.

फेब्रुवारी आणि मार्च

लसी पूर्ण झाल्यावर ट्रेमधील वापरलेला मूठभर मुरूम पिशवीत घेऊन जवळच्या मोकळ्या प्लॉटवर एका कडेला टाकला आणि शेंगीने तिथे पहिल्याच सकाळी खूण ओळखली. अडचण होती ती गल्लीतल्या कुत्र्यांची. त्यांच्या नजरेखाली पाच किलोच्या आतले कुत्रे खाली बसायला धजत नाही, ते आवरून धरते आणि घराचा उंबरा ओलांडताच सोडते. उपाय म्हणून पहाटेची वेळ आणि भिंतीलगतचा कोपरा ठरवला. गच्चीचा विचार मी आधीच सोडून दिला होता, कारण या जातीच्या लांब पाठीत मणक्यांमधील चकती सरकण्याचा धोका मोठा असतो आणि आमचा जिना चांगलाच उभा आहे.

मार्चमध्ये ती एकाएकी वारंवार आणि थोडी-थोडी शू करू लागली, घरातसुद्धा. अशा वेळी आधी लघवी तपासावी, शिकवणी नंतर. माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग बराच आढळतो. नमुना घेणे हे एक दिव्यच होते, कारण शेंगीच्या पोटाखाली वाटी मावत नाही. लोणच्याच्या बरणीचे उथळ झाकण धुऊन, उकळून, ती बसताच मागून सरकवले तेव्हा कुठे जमले. तपासणीत संसर्ग निघाला नाही आणि थोड्याच दिवसांत ती पहिल्यांदा माजावर आल्याचे दिसले. माजाच्या सुरुवातीला माद्या वास सोडण्यासाठी ठिकठिकाणी शू करतात, हे माहीत असूनही वैद्यकीय तपासणी आधी करून घेतल्याचे मला समाधान आहे. तो काळ ओसरल्यावर घर पुन्हा कोरडे झाले.

एप्रिल

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला आहे. पाणी तोडून शू कमी करण्याचा सल्ला मला इकडून-तिकडून मिळतो. सोलापूरच्या उन्हात तो कोणीही पाळू नये. पाण्याचे भांडे सतत भरलेले असते आणि आम्ही फेऱ्या वाढवल्या आहेत. अंगणातील ट्रेचा पत्रा अकराच्या आतच चटका देऊ लागतो, म्हणून तो नळाजवळच्या सावलीत हलवला आणि मुरुमावर पाणी शिंपडते. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली तरच तिला उतरवायचे. जिन्स कापडाचे जाड पायपुसणे आता दारात बिनघोर अंथरलेले असते. न्हाणीघरापुढचा टेरीचा तुकडा मात्र अजून परत ठेवलेला नाही, कारण परवा वाळत घातलेला टॉवेल दोरीवरून खाली पडला तेव्हा शेंगी त्याच्याभोवती एक गिरकी घेऊन, माझ्याकडे पाहून, बाजूला झाली. ती गिरकी मला पसंत नाही.

पुढचे काम मृगाच्या आधी उरकायचे आहे. भिजलेल्या मुरुमाला पोट लागले की ही जात पाय मागे घेते, त्यामुळे ट्रेवर पत्र्याची उतरती छपरी बसवून घेते आहे आणि पावसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून त्या पत्र्यावर आतापासूनच झारीने पाणी सोडते आहे.