‘सेन’, ‘सन’ आणि बापाचे नाव

नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसन या बुद्धिबळपटूच्या आडनावाचा अर्थ ‘कार्लचा मुलगा’ असा सांगितला, की वर्गातली मुले लगेच विचारतात, “मग त्याच्या वडिलांचे नाव कार्ल आहे का?” त्यांचे नाव हेन्रिक आहे आणि त्यांचेही आडनाव कार्लसनच आहे. खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण इंग्रजी मजकुरात भेटणाऱ्या अशा नावांचा सगळा गुंता त्यात आला आहे.

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमधील सामान्य लोकांना पूर्वी पिढीजात आडनाव नसे. येन्सचा मुलगा निल्स असेल तर तो निल्स येन्सन, आणि निल्सचा मुलगा पेडर असेल तर तो पेडर निल्सन, अशी दर पिढीला नावाची शेवटची बाजू बदलत जाई. मुलीच्या नावात ‘मुलगा’ या अर्थाच्या ‘सेन’च्या (-sen) जागी ‘मुलगी’ या अर्थाचे पद येई. डेन्मार्कने १८२८ साली हुकूम काढून कायम आडनावाची सक्ती केली, तरी खेड्यांनी जुनी रीत लगेच सोडली नाही. १८६५ साली जन्मलेले संगीतकार कार्ल निल्सन यांच्या वडिलांचे नाव निल्स यॉर्गेनसन होते. स्वीडनमध्ये १९०१ साली आणि नॉर्वेत १९२३ साली कायदे झाले. तेव्हापासून कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांच्या बापाचे नाव घराण्याला कायमचे चिकटले.

नॉर्वेच्या खेड्यांत बापाच्या नावापुढे शेतवाडीचे नावही लावत, आणि माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की ते बदलत असे. आपल्याकडे कडोलीचे कडोलकर बेळगावात चार पिढ्या राहिले तरी कडोलकरच राहतात.

ही नावे इंग्रजीत आली ती मुख्यतः अमेरिकेला गेलेल्या लोकांबरोबर. स्वीडिश ‘अँडरसन’च्या रोमन लेखनात (Andersson) ‘स’ हे अक्षर दोनदा येते, कारण पहिला ‘स’ हा ‘चा’ या प्रत्ययाचे काम करतो. इंग्रजीत त्यातला एक बहुधा गळाला. डॅनिश आणि नॉर्वेजियन लोकांच्या ‘सेन’चे अनेक ठिकाणी ‘सन’ झाले. त्यामुळे अमेरिकेतील अँडरसन मूळचा स्वीडिश की स्कॉटिश, हे केवळ लेखनावरून ओळखता येत नाही. ‘सेन’ टिकून असेल तर मात्र डेन्मार्क किंवा नॉर्वेकडे बोट दाखवता येते. कोपनहेगनमधला ‘येन्सन’ इंग्रजीत ‘जेन्सन’ होतो, आणि ते घराणे स्वतःला जसे म्हणते तसेच आपणही म्हणावे.

आइसलँडमध्ये मात्र जुनी रीत आजही जिवंत आहे. तिथे १९२५ च्या कायद्याने नवी घराणेवाचक आडनावे घेण्यास बंदी केली. योन एनारसन आणि गुद्रून ओलाफ्सदोत्तिर या जोडप्याचा मुलगा ओलाफुर योन्सन आणि मुलगी आन्ना योन्सदोत्तिर, म्हणजे एका घरात चार निरनिराळी शेवटची नावे. लग्न झाले म्हणून बाईचे नाव बदलत नाही. आपल्याकडे सासरी आलेल्या मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही एका दिवसात बदलते, हे आठवले की मला त्या रीतीचा आदर वाटतो. २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवणाऱ्या आइसलँडच्या संघात गिल्फी सिगुर्दसन आणि रागनार सिगुर्दसन असे दोघे होते. ते भाऊ नव्हते. दोघांच्याही वडिलांचे नाव सिगुर्दुर, इतकेच. तिथल्या छापील टेलिफोन डिरेक्टरीतही माणसे स्वतःच्या नावाने लावलेली असत.

इंग्रजी वर्तमानपत्रे मात्र अशा माणसाला दुसऱ्या उल्लेखात अनेकदा ‘मिस्टर सिगुर्दसन’ म्हणतात, म्हणजे त्याला बापाच्या नावाने हाक मारतात. हा अनुभव कर्नाटकात राहणाऱ्यांना सहज समजावा. आमच्या बेळगाव, निपाणी, खानापूर भागात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग शाळेच्या दाखल्यावर असतात. म्हैसूरकडच्या अनेकांना आडनावच नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. परदेशी कंपनीच्या फॉर्मवर ‘लास्ट नेम’चा रकाना भरावाच लागतो, तेव्हा त्या आद्याक्षराचे पूर्ण नाव तिथे जाते आणि पुढे सारे ऑफिस त्या मुलाला वडिलांच्या नावाने ओळखू लागते.

म्हणून इंग्रजीत लिहिताना कार्लसनला कार्लसन म्हणणे योग्य आहे, पण १९८० ते १९९६ या काळात आइसलँडच्या अध्यक्ष असलेल्या व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर यांचा पुढचा उल्लेख ‘व्हिग्दिस’ असाच करावा, आणि सूचीत त्यांना ‘व्ह’खाली शोधावे. याला अपवादही आहेत. १९५५ चे नोबेल मिळवणारे हाल्डोर लाक्सनेस जन्माने हाल्डोर गुद्योन्सन होते. ज्या शेतवाडीवर ते वाढले तिचे नाव त्यांनी पुढे स्वतःला लावले, आणि इंग्रजी ग्रंथालयांत त्यांची पुस्तके ‘ल’खालीच सापडतात.